मॅट्रिक, कारकुनी आणि सात कादंबऱ्या

परभणीत शिकत असाल तर बी. रघुनाथ हे नाव तुमच्या कानावरून शंभरदा गेलेलं असणार. व्याख्यान असो, नाटक असो की सत्कार, 'बी. रघुनाथला आहे' एवढं म्हटलं की सभागृह समजायचं. शहरात त्यांच्या नावाचं कॉलेजसुद्धा आहे. पण हे बी. रघुनाथ कोण, असं कट्ट्यावर विचारलं तर बहुतेकांची गाडी 'कवी होते ना?' इथंच थांबते.

कवी तर ते होतेच. कथा, कादंबरी आणि ललित लेखही त्यांनी लिहिले. पण पोटासाठी ते आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होते. आणि ज्यांच्या नावानं आज कॉलेज आहे, त्यांचं स्वतःचं शिक्षण फक्त मॅट्रिकपर्यंत झालं होतं!

सातोन्याहून हैदराबादला

त्यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. 'बी' म्हणजे भगवान आणि रघुनाथ हे वडिलांचं नाव. जन्म 15 ऑगस्ट 1913 चा, गाव सातोना. सेलूहून जालन्याकडे जाताना रेल्वेनं लागतं तेच. आज ते जालना जिल्ह्यात मोडतं, पण 1981 मध्ये जालना जिल्हा होईपर्यंत तो भाग परभणीचाच होता.

तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्याकडून शिकायला जायचं म्हणजे पुण्या-मुंबईला नव्हे, तर हैदराबादला. लहानग्या भगवानचं शिक्षणही तिथंच झालं. राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवायचे तेही उर्दूत. मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनीसारखी एखादी शाळा हाच मोठा आधार होता. घरात मराठी आणि बाहेर उर्दू, अशा दोन भाषांत तो पोरगा वाढला. पुढे त्याच्या लिखाणात हे दोन्ही रंग उतरले. त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाचं नावच 'साकी' आहे.

गाडी मॅट्रिकला थांबली

मॅट्रिक झालं आणि पुढचं शिक्षण थांबलं. घरची परिस्थिती बेताची होती.

आज आपल्याला हे नीट कळणार नाही, कारण आज परभणीत कॉलेजांची कमी नाही. पण 1930 च्या आसपास अख्ख्या मराठवाड्यात पदवीपर्यंत शिकवणारं एकही कॉलेज नव्हतं. औरंगाबादला होतं ते इंटरपर्यंतचं. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये आलं आणि परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 मध्ये. म्हणजे पदवी हवी असेल तर हैदराबादेत आणखी काही वर्षं राहायचं, तिथला खर्च भागवायचा आणि घरी पैसे पाठवायचे सोडून घरून मागवायचे. ज्या घराला कमावता हात लवकर हवा असतो, तिथं हे जमत नाही. भगवान कुलकर्णींची हुशारी कमी पडली नव्हती, पैसा कमी पडला होता.

मग विशीच्या आसपास त्यांनी नोकरी धरली. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात, त्या काळच्या बोलीत 'तामीरात'मध्ये, ते कारकून झाले. ठिकाण परभणी. पुढे राज्य बदललं, पण त्यांची नोकरी तीच राहिली.

फायलींच्या पलीकडे

इथपर्यंतची गोष्ट तशी चारचौघांसारखीच आहे. त्या काळच्या किती मॅट्रिक झालेल्या पोरांचं असंच झालं असेल. वेगळेपण सुरू होतं ते यानंतर.

सुरुवातीला त्यांनी 'फुलारी' या टोपणनावानं लिहिलं. 1936 मध्ये 'ओ' ही पहिली कादंबरी आली, तेव्हा ते जेमतेम तेविशीत होते. म्हणजे आज आपण एमए करतो किंवा भरतीचे फॉर्म भरतो, त्या वयात. 1940 मध्ये 'साकी', 1941 मध्ये 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह. त्यानंतरची चार वर्षं बघा: 1943 ला 'हिरवे गुलाब', 1944 ला 'बाबू दडके', 1945 ला 'उत्पात', 1946 ला 'म्हणे लढाई संपली'. दर वर्षी एक कादंबरी, आणि तीही कचेरी सांभाळून उरलेल्या वेळात.

बरं, काळ काही लेखकाला सोयीचा नव्हता. निजामाच्या राज्यात सभा भरवायची तरी परवानगी लागायची. 'गश्ती निशाण त्रेपन्न' हा हुकूम त्यासाठीच कुप्रसिद्ध होता. त्याच सरकारचा पगार खाणाऱ्या माणसानं लिहायचं म्हणजे हात राखूनच चालावं लागणार. मराठी पुस्तकांचा बाजार पुण्या-मुंबईत, म्हणजे दुसऱ्या राज्यात. ना. सी. फडके तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. परभणीच्या या कारकुनाकडे ना तसं पद होतं ना पदवी.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी पुण्यातल्या लेखकांकडे नव्हती, ती म्हणजे हा मुलूख. गावं, वाडे, सरकारी कचेऱ्या, निजामी अमलाखालची साधी माणसं. हे जग मराठी कादंबरीत फारसं आलेलंच नव्हतं. ते आणणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत बी. रघुनाथ यांचं नाव घ्यावंच लागतं. परिस्थितीनं त्यांना परभणीत अडकवलं खरं, पण त्यांच्या लिखाणाचा मालमसालाही इथूनच आला.

हिशोबाची दुसरी बाजू

इथं 'बघा, परिस्थिती कशीही असो, जिद्द असली की सगळं जमतं' असं लिहून मोकळं होता आलं असतं. तसे रील्स आपण रोज बघतो. पण बी. रघुनाथ यांची गोष्ट तेवढी सोपी नाही.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. 1949 मध्ये 'जगाला कळले पाहिजे' ही कादंबरी आली. आता कुठं मोकळेपणानं लिहायचे दिवस आले होते. पण 7 सप्टेंबर 1953 ला, परभणीत, कचेरीत काम करत असतानाच त्यांचं निधन झालं. वय अवघं 40. 'आडगावचे चौधरी' ही सातवी कादंबरी 1954 मध्ये आली आणि 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा कवितासंग्रह 1955 मध्ये. दोन्ही पुस्तकं त्यांनी छापलेली पाहिली नाहीत.

प्रागचा फ्रान्झ काफ्का आठवतो. तोही दिवसा विमा कचेरीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा. तोही चाळिशीतच गेला. फरक एवढाच, की काफ्काकडे कायद्याची डॉक्टरेट होती. आपल्या माणसाकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट.

मग आपण काय घ्यायचं?

घर आणि शिक्षण मिळून करिअर ठरवतात, हे खरंच आहे. बी. रघुनाथ यांची नोकरी कुठली, हे घरच्या पैशानं आणि जवळ नसलेल्या कॉलेजानं ठरवलं. पण त्यांनी काय लिहायचं, हे त्या दोघांना ठरवता आलं नाही. उलट त्याच घरानं मराठी दिली, त्याच शाळेच्या गावानं उर्दू दिली आणि त्याच कारकुनीनं माणसं दाखवली.

आज आपल्यातले कितीतरी जण अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करतात. घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ. ते चुकीचं बोलत नाहीत, कारण घर चालवणं ही लाजायची गोष्ट नाही. बी. रघुनाथ यांनीही तेच केलं. फक्त नोकरी लागली म्हणून त्यांनी वही मिटली नाही.

आणि एक हिशोब आपल्या समाजानंही करायला हवा. हुशार मुलाला पैशापायी मॅट्रिकवर थांबावं लागलं. चाळिसाव्या वर्षापर्यंत त्यानं सात कादंबऱ्या लिहिल्या. पुढे शिकायला मिळालं असतं, थोडी उसंत मिळाली असती, तर काय झालं असतं? त्याच्या नावाचं सभागृह बांधून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. आजही फी भरता येत नाही म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडणारी मुलं आपल्या वर्गात असतात. त्यांच्यात कोण दडलंय, कुणाला माहीत?

पुढच्या वेळी 'बी. रघुनाथला' कार्यक्रमाला जाल, तेव्हा येताना लायब्ररीत डोकावा आणि त्यांचं एक तरी पुस्तक मागा. कादंबरीच हवी असेल तर 'आडगावचे चौधरी'पासून सुरुवात करायला हरकत नाही.