कार्ल्याच्या वाटेवरचा गणिती

मुंबई-पुणे लोहमार्गावर कामशेत मागे पडले की गाडी इंद्रायणीच्या खोऱ्यातून लोणावळ्याकडे धावू लागते. मळवलीच्या आसपास उत्तरेकडील डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत, तर दक्षिणेकडील डोंगरात भाजे लेणी. डेक्कन क्वीनमधील बहुतेक नोकरदारांच्या दृष्टीने हा डुलकीचा किंवा चहाचा टप्पा. स्वातंत्र्यानंतरच्या दीड दशकात याच गाडीने पुण्याहून मुंबईला ये-जा करणारा एक गणिताचा प्राध्यापक मात्र सुटीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून याच डोंगरांत पायी हिंडत असे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव.

लेणी कोणत्या राजाच्या काळात खोदली गेली, हा प्रश्न त्यांच्यापूर्वी अनेकांनी विचारला होता. कोसंबींनी त्यापुढचे प्रश्न विचारले. ती नेमकी याच डोंगरात का खोदली गेली? खर्च कोणी केला? भिक्षू येण्यापूर्वी या जागी काय होते? पुरातत्त्वाची कोणतीही पदवी नसलेल्या माणसाने विचारलेल्या या प्रश्नांनी महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

गोवा ते हार्वर्ड

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे थोर अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना निमंत्रण दिले आणि १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेस गेला. मधला काही काळ भारतात काढून तो पुन्हा हार्वर्डला परतला व १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणिताखेरीज अनेक युरोपीय भाषांवर त्याने याच काळात प्रभुत्व मिळवले.

मायदेशी परतल्यावर कोसंबींनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलिगढ येथे अध्यापन केले. १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि पुणे हेच त्यांचे कायमचे घर झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या परिसरात त्यांचा निवास होता. १९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले आणि मुंबई-पुणे प्रवासाचे पर्व सुरू झाले. जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी त्यांनी १९४४ मध्ये मांडलेले सूत्र आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

नाण्यांच्या तराजूवर

गणिती इतिहासाकडे वळला तो नाण्यांमुळे. संख्याशास्त्राचा उपयोग करून पाहण्यासाठी एखादा प्रत्यक्ष प्रश्न त्यांना हवा होता. तक्षशिला येथे सापडलेल्या प्राचीन आहत नाण्यांच्या साठ्यांनी तो पुरवला. चांदीचे तुकडे कापून, त्यांवर ठसे मारून तयार केलेल्या या नाण्यांवर राजाचे नाव नसते की वर्ष. त्यामुळे चिन्हांच्या अर्थाविषयी तर्क लढवण्यातच अभ्यासकांची शक्ती खर्च होत होती.

कोसंबींनी ही नाणी संवेदनक्षम तराजूवर एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. ते जितके अधिक काळ चलनात राहील तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि एकाच गटातील नाण्यांच्या वजनांतील तफावत वाढते. रोजच्या वापरातील आधुनिक नाणी मोठ्या संख्येने तोलून त्यांनी हा नियम पडताळला आणि तो प्राचीन साठ्यांना लावला. त्यावरून कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा, हे सांगणे शक्य झाले. एखादी वस्तू दिसते कशी, यापेक्षा ती समाजात वापरली कशी गेली, हे विचारण्याची त्यांची सवय येथे प्रथम दिसते.

नाण्यांचा क्रम लागला तेव्हा ती पाडणारे कोण, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी ते संस्कृत ग्रंथांकडे वळले. १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. परंतु ग्रंथांतून राजदरबार आणि पंडितवर्ग बोलतो, शेतकरी व गुराखी बोलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. मूक माणसांचा इतिहास शोधायचा तर जमिनीवर उतरणे भाग होते.

मावळातील पायपीट

पुण्यातील घरामागच्या टेकड्यांपासून ही पायपीट सुरू झाली. तेथे त्यांना सूक्ष्मास्त्रे मिळाली. नखाएवढी ही दगडी पाती धातूचा वापर माहीत होण्यापूर्वीच्या माणसांनी कापण्या-सोलण्यासाठी घडवलेली. अशी पाती कोठे सापडतात आणि कोठे सापडत नाहीत, याची नोंद ठेवता ठेवता डोंगरउतारांवरून जाणाऱ्या जुन्या वाटांचे जाळे त्यांच्या ध्यानी आले. हंगामानुसार कळप घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या या वाटा असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या वाटांवर, विशेषतः त्या जेथे एकमेकींना मिळतात तेथे, त्यांना शेंदूर फासलेले तांदळे आणि देवीची ठाणी आढळली. गावकुसाबाहेरच्या या देवतांचे पुजारी बहुधा ब्राह्मणेतर असत आणि काही ठिकाणी बळीची प्रथा टिकून होती. वाकडच्या म्हातोबाचाही त्यांनी अभ्यास केला. आज माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंजवडीतून वाकडला म्हातोबाचे बगाड दरवर्षी निघते.

मावळात या धाग्यांची गाठ बसली. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी कोकणातील बंदरांकडून बोरघाटाने वर येणाऱ्या व्यापारी मार्गालगत आहेत. हा मार्ग पुढे देशावरील बाजारपेठांकडे जात असे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि कोकण किनाऱ्यावरील कोळी-आगरी समाज चैत्रातील यात्रेला तेथे लोटतो. जुन्या वाटा, त्यांवरील मातृदेवतांची ठाणी, बौद्ध विहार आणि व्यापारी तांडे या चार गोष्टी एकाच भूमीवर एकत्र याव्यात, हा कोसंबींच्या मते योगायोग नव्हता. लोकांची येण्या-जाण्याची आणि पूजेची ठिकाणे आधीपासून होती. भिक्षू तेथेच आले, कारण उपदेश करायचा तर माणसे तेथे भेटत होती.

मावळ या नावातही त्यांना हा जुना स्तर दिसला. कार्ल्याच्या सातवाहनकालीन आज्ञालेखात मामाल येथील अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे या प्रदेशाचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षे टिकून आहे. पाणवठ्यांवर पूजल्या जाणाऱ्या, नेहमी अनेकवचनातच उल्लेखिल्या जाणाऱ्या मावळादेवींशी कोसंबींनी हे नाव जोडले.

खांबांवरची माणसे

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. चैत्यगृह पूर्ण करवणारा भूतपाल हा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा श्रेष्ठी. दात्यांत सोपाऱ्याचा एक भिक्षू आहे. धेनुकाकट नावाच्या गावचा सिंहदत्त हा गंधाचा व्यापारी आणि सामी हा सुतार येथे भेटतो. त्याच धेनुकाकटाचे अनेक यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे वा ग्रीक जगाशी संबंधित लोकही खांब दान करताना दिसतात.

धेनुकाकट कोठे होते? डहाणूपासून आंध्रातील धान्यकटकापर्यंत अनेक जागा विद्वानांनी सुचवल्या होत्या. कोसंबींनी १९५५ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रदीर्घ लेख लिहून ही व्यापारी वस्ती कार्ल्याच्या परिसरातच असली पाहिजे, असे प्रतिपादन केले. त्यांचा हा निर्णय सर्वमान्य झाला नाही. तथापि लेण्याचा अभ्यास म्हणजे केवळ शिल्पशैलीचा अभ्यास, ही समजूत त्याने मोडीत काढली. सुतार, गंधी आणि परदेशी व्यापारी यांच्या कमाईतून हा डोंगर कोरला गेला होता. चीनमधील बौद्ध विहारांच्या आर्थिक व्यवहारांशी तुलना करून दख्खनचे विहारही व्यापाराला भांडवल आणि आधार पुरवणाऱ्या संस्था होत्या, अशी मांडणी त्यांनी केली.

बदलते पुरातत्त्व

या कामाचे महत्त्व कळण्यासाठी पुरातत्त्वविद्येची वाटचाल ध्यानात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे मोजमाप व वर्गीकरण केले. त्यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. शैली ओळखावी, काळ ठरवावा, राजघराण्याशी सांगड घालावी, ही त्या परंपरेची पद्धत होती. तिच्याशिवाय पुढचे काहीच शक्य झाले नसते. मात्र वस्तूंची यादी पूर्ण झाली तरी माणसे जगत कशी होती, हे कळत नव्हते.

साठच्या दशकात अमेरिकेत लुईस बिनफर्ड प्रभृतींनी नवपुरातत्त्वाचा पुरस्कार केला. पर्यावरण, अन्न, लोकसंख्या आणि समाजरचना यांच्यातील प्रक्रिया शोधाव्यात, तर्क मांडून तो पुराव्यावर पडताळावा आणि संख्याशास्त्राची मदत घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. बिनफर्ड यांचा पायाभूत लेख १९६२ चा. कोसंबींचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. दोघांचे मार्ग स्वतंत्र होते. कोसंबींची वैचारिक बैठक मार्क्सवादी होती आणि उत्पादनाची साधने व त्यांवर उभे राहणारे समाजसंबंध यांचा कालक्रमाने उलगडा म्हणजे इतिहास, ही त्यांची १९५६ च्या ग्रंथातील भूमिका होती. तरीही नाणी तोलणारा आणि सूक्ष्मास्त्रांचे प्रदेशवार स्थान नोंदवणारा हा गणिती त्या नव्या विचाराच्या बराच आधी निघाला होता.

पुण्यातच डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खननाची भक्कम परंपरा उभी केली होती. पुढे त्यांनीही नवपुरातत्त्वाची दखल घेऊन १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात घरे, धान्य, दफने यांवरून ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे जीवनच उभे करण्यात आले. ऐंशीच्या दशकात इयान हॉडर आदींनी आणखी वेगळा सूर लावला. केवळ पोट आणि पर्यावरण पुरेसे नाही, वस्तूंना माणसांनी दिलेला अर्थही शोधला पाहिजे आणि एकाच स्थळाचे अनेक अर्थ असू शकतात, असे ते म्हणू लागले. स्तूपालाही देवीचे रूप मानणाऱ्या कोळी भाविकांची श्रद्धा कोसंबींनी अज्ञान म्हणून बाजूला सारली नव्हती. त्यांनी ती पुरावा म्हणून नोंदवून ठेवली होती.

आक्षेप आणि वारसा

त्यांच्या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले आणि त्यांतील काही रास्त आहेत. जमिनीच्या पृष्ठभागावर सापडलेल्या दगडी पात्यांचे वय उत्खननाशिवाय नेमके ठरत नाही. आजच्या खेड्यातील प्रथा हजारो वर्षे जशीच्या तशी टिकली, असे गृहीत धरणेही धोक्याचे असते, कारण समाज स्थलांतर करतात आणि देवता रूप बदलतात. विहार आणि व्यापार यांचे नाते हिमांशू प्रभा राय यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे अधिक तपशिलाने तपासले. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा, तर डॉ. रा. चिं. ढेरे यांनी लोकदैवतांचा जो शोध घेतला, त्यामुळे कोसंबींनी उघडलेले क्षेत्र विस्तारले.

हयातीत त्यांना या स्वतंत्र वृत्तीची किंमत मोजावी लागली. अण्वस्त्रांना विरोध, जागतिक शांतता चळवळीतील सहभाग आणि अणुशक्तीऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार ही त्यांची मते जगजाहीर होती. संस्थेशी मतभेद वाढत गेले आणि १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही. गणितज्ञांना ते इतिहासात रमलेले वाटत, तर अनेक इतिहासकारांना ते बाहेरचे. दोन वर्षांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले. १९६५ मध्ये प्राचीन भारतीय संस्कृतीवरील त्यांचा सुबोध ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी लोणावळ्याचा रस्ता आज मोटारींनी तुंबतो. कार्ल्याच्या पायऱ्यांवर एकवीरेचे भक्त आणि सहलीला आलेली कुटुंबे एकाच वेळी चढत असतात. चैत्यगृहाची भव्य कमान पाहून, छायाचित्र काढून बहुतेक जण परततात. आत जाऊन खांबांवरील अक्षरे न्याहाळणारे थोडेच. ती अक्षरे सुतार-व्यापाऱ्यांची आहेत, दाराशी उभी असलेली देवी वाटसरूंची आहे आणि खालून जाणारा महामार्ग त्याच जुन्या घाटवाटेचा वारस आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायला कोसंबींनी शिकवले.