विश्लेषण : टेम्पलर सरदारांचा संस्थापक नेमका कुठला? मठांच्या दानपत्रांतून उलगडलेला ह्यूग द पेन्स

कादंबऱ्या, चित्रपट आणि व्हिडीओ गेममुळे टेम्पलर सरदारांचे नाव जगभर पोहोचले आहे. गुप्त खजिना, गूढ विधी, शाप असे बरेच काही त्यांच्या नावावर खपवले जाते. पण ही संघटना उभारणाऱ्या ह्यूग द पेन्सचे एकही समकालीन चरित्र नाही. तरीही तो कोणत्या गावचा, कोणाच्या पदरी होता, त्याची पत्नी आणि मुलगा कोण, हे आज सांगता येते. याचे श्रेय फ्रान्समधील मठांनी सांभाळलेल्या जमिनीच्या कागदांना जाते.

मठांच्या कागदांत घराण्यांची माहिती कशी?

अकराव्या-बाराव्या शतकात सरदार मंडळी पापमुक्तीसाठी मठांना शेते, जंगले, गिरण्या दान करत. दाता मेला की वारस भांडायला येत. हे टाळण्यासाठी साधू दानपत्रात दात्याची पत्नी, मुले, भाऊ यांची संमती नावानिशी नोंदवत आणि खाली साक्षीदारांची यादी देत. पुढे या पत्रांच्या नकला एका वहीत उतरवून ठेवल्या जात. वंशावळ लिहिण्याचा साधूंचा हेतू नव्हता, त्यांना फक्त कज्जा नको होता. त्या धास्तीतून इतिहासकारांना कुटुंबेच्या कुटुंबे सापडली.

अडचणी अर्थात आहेत. कायम आडनाव तेव्हा रुळलेले नव्हते, माणूस गावाच्या नावाने ओळखला जाई. घराण्यात तीच दोन-तीन नावे फिरत. अनेक पत्रांवर तारीख नसते. मग त्या वेळी बिशप कोण, काउंट कोण, सोबतचे साक्षीदार कोण, यावरून काळ ठरवावा लागतो. एकटे पत्र फारसे बोलत नाही, दहा पत्रे शेजारी ठेवली की बोलू लागतात.

मग ह्यूगचे गाव कोणते?

जेरुसलेमचा इतिहास लिहिणारा टायरचा आर्चबिशप विल्यम याने त्याचे नाव लॅटिनमध्ये ‘पॅगानिस’ असे दिले. या एका शब्दावर पुढे बरीच ओढाताण झाली. इटलीतील नोचेरा आणि दक्षिण फ्रान्समधील आर्देश या दोन्ही ठिकाणच्या अभिमान्यांनी त्याला आपला म्हटले. पण ११०० च्या सुमारास त्याचे नाव दिसते ते शाम्पेन प्रांतात, त्रुआच्या काउंट ह्यूगच्या दानपत्रांवर साक्षीदार म्हणून. मोलेम मठाला दिलेल्या दानाची कागदपत्रे त्यात आहेत. त्रुआजवळ सेन नदीच्या काठी पेन्स हे गाव आजही आहे. साक्षीदारांच्या यादीत आजूबाजूचे सरदार त्याच परिसरातले. नोचेराचा दावा इथेच लंगडा पडतो.

याच प्रांतातील पत्रांत त्याची पत्नी एलिझाबेथ भेटते. ब्रह्मचर्याचे व्रत घेणाऱ्या संघटनेचा संस्थापक संसारी होता! त्याचा मुलगा थिबो ११३९ मध्ये सान्स येथील सेंट कोलंब मठाचा प्रमुख झाला. त्या मठाच्या बखरीत त्याची ओळख टेम्पलच्या पहिल्या प्रमुखाचा पुत्र अशी दिली आहे.

मालक चाकराच्या हाताखाली

ह्यूगच्या मालकाची, म्हणजे काउंट ह्यूगची, कथा तितकीच विलक्षण आहे. तो ११०४ मध्ये जेरुसलेमला गेला, १११४ मध्ये पुन्हा निघाला. पत्नीच्या संमतीशिवाय असे व्रत घेता येत नाही, असे शार्त्रचा बिशप इव्हो याने त्याला पत्राने खडसावले होते. मधल्या काळात, १११५ मध्ये, त्याने दिलेल्या जमिनीवर बर्नार्डने क्लेअरव्होचा मठ उभारला. मुलगा आपला नाही असा संशय असलेल्या या काउंटने अखेर ११२५ मध्ये सगळा प्रांत पुतण्याला दिला आणि तो टेम्पलरांत सामील झाला. प्रमुख कोण? तर एकेकाळी त्याच्याच दानपत्रांवर साक्ष देणारा पेन्सचा ह्यूग. शाम्पेनचे कागद नसते, तर हे नाते कळलेच नसते.

स्थापनेचे वर्ष १११८ की ११२०?

विल्यमने १११८ हे वर्ष दिले, पण तो लिहीत होता अर्ध्या शतकानंतर. टेम्पलरांच्या नियमावलीच्या प्रस्तावनेत त्रुआची धर्मसभा ११२८ च्या सेंट हिलरीच्या दिवशी, म्हणजे १३ जानेवारीला, संघटनेच्या नवव्या वर्षी भरल्याचे म्हटले आहे. गोम अशी, की तिथे तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे आपल्या हिशेबाने ते वर्ष ११२९. नऊ वर्षे मागे मोजली की स्थापना ११२० च्या आसपास येते. वर्ष बदलायला कॅलेंडरची एवढीशी रीत पुरली.

त्या सभेआधी ह्यूग युरोपभर फिरत होता. आंजूचा काउंट फुल्क याला जेरुसलेमच्या राजकन्येशी, मेलिसेंदेशी, विवाहासाठी बोलावणे हे एक काम, माणसे आणि पैसा जमवणे हे दुसरे. ११२८ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला हेन्री त्याला नॉर्मंडीत भेटला, त्याने सोने-चांदी दिली. तिथून ह्यूग इंग्लंड आणि स्कॉटलंडला गेला. टेम्पलरांच्याच नावेही दानपत्रे होत होती. साधूंसारखी त्यांनीही ती जपली.

ह्यूगच्या मृत्यूचे वर्ष साधारण ११३६ धरले जाते. दिवस मात्र पक्का आहे, २४ मे. रेम्स येथील टेम्पलरांच्या मृत्युनोंदवहीत तो आहे. दरवर्षी त्या दिवशी त्याच्यासाठी प्रार्थना करायची असे. त्यासाठी तारीख पुरेशी होती, वर्ष लिहिण्याचे कारणच नव्हते.