अहमदजान थिरकवा

उस्ताद अहमदजान थिरकवा (जन्म : मुरादाबाद, इ.स. १८९२ च्या सुमारास, मृत्यू : लखनौ, १३ जानेवारी १९७६) हे हिंदुस्थानी संगीतातील श्रेष्ठ तबलावादक होते. साथ आणि स्वतंत्र तबलावादन या दोन्ही अंगांत त्यांचा अधिकार निर्विवाद मानला जातो. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने बालगंधर्वांच्या साथीमुळे घराघरांत पोहोचले.

बालपण आणि तालीम

थिरकवा यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मुरादाबादच्या संगीतजीवी कुटुंबात झाला. आरंभी त्यांना गायनाचे व सारंगीचे शिक्षण मिळाले. परंतु उस्ताद मुनीर खाँ यांचा तबला ऐकल्यावर त्यांचा ओढा तबल्याकडे वळला. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते मुनीर खाँ यांचे शागीर्द झाले आणि मुंबईत त्यांच्याजवळ राहून शिकू लागले.

मुनीर खाँ यांनी अनेक उस्तादांकडून विद्या मिळवलेली होती. त्यामुळे फरुखाबाद घराण्याबरोबरच दिल्लीचे कायदेही शिष्याच्या हाती आले. अनेक वर्षांचा दीर्घ रियाझ हा या तालमीचा गाभा होता. रियाझाच्या वेळी त्यांची बोटे तबल्यावर जणू नाचतात, हे पाहून मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांनी त्यांना थिरकवा म्हणण्यास सुरुवात केली, असे सांगतात. पुढे हेच नाव रूढ झाले.

त्या काळी तबलजीला पदवी वा निवड-परीक्षा नव्हती. जाणकारांच्या मैफलीत हात ऐकवावा लागे आणि तेथील पसंतीवरच पुढची बिदागी ठरे. थिरकवा यांचे पहिले जाहीर वादन वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईतील खेतवाडी येथे झाले.

गंधर्व नाटक मंडळी

पुढे ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा, अशी ही साथ होती. मैफलींच्या बेभरवशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत नाटक मंडळीची नोकरी स्थिर होती; मात्र तेथील मागणी वेगळी होती. पद रंगवायचे ते नटाने. तबलजीने लय सांभाळायची आणि अवकाश मिळेल तेथेच बोलायचे. एकल वादनासाठी घडलेल्या हाताला हा संयम अवघड असतो. थिरकवा यांनी तो आत्मसात केला. पदाच्या मुखड्यापाशी त्यांनी वाजवलेल्या लग्ग्यांना श्रोते दाद देत. तरीही ठेक्याचा डौल कोठे ढळत नसे. मराठी नाट्यसंगीतातील तबल्याच्या साथीला त्यामुळे नवी प्रतिष्ठा लाभली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

रामपूर आणि लखनौ

इ.स. १९३६ च्या सुमारास ते रामपूरच्या नवाबांच्या दरबारात रुजू झाले. पुढील काळात लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. दरबारी आश्रय मागे पडत असताना शिक्षणसंस्थेत मानाचे स्थान मिळवणाऱ्या कलावंतांपैकी ते एक होत. भारत सरकारने १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले.

वादनशैली

थिरकवा यांच्या एकल वादनाचा आरंभ पेशकाराने होई. पेशकार संथ असल्याने त्यात द्रुतगतीची झाकपाक चालत नाही. प्रत्येक बोलाचा निकास उघडा पडतो. थिरकवा येथेच बराच वेळ रमत. त्यानंतर कायदे, रेले, गती आणि तुकडे असा क्रम असे. डग्ग्याची वजनदार आस आणि चाटीवरील स्पष्ट, नादमय आघात ही त्यांची ओळख होती. वृद्धापकाळीही ते जाहीर मैफली करीत. उपलब्ध ध्वनिमुद्रणे बव्हंशी उतारवयातील आहेत. नाटक मंडळीतील ऐन बहराच्या साथीची कल्पना त्यांवरून अंशतःच येते.

शिष्य

जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले आणि निखिल घोष हे त्यांचे प्रमुख शिष्य. पुरोहितबुवा पुढे गुणीदास या नावाने बंदिशकार व गायनगुरू म्हणून ख्यातनाम झाले.