न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक सभा

ज्यांचे नाव महाराष्ट्रात अद्यापि आदराने घेतले जाते ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आमच्या नाशिक जिल्ह्यातले, हे खेडोपाडीच्या पुष्कळ बंधुभगिनींस ठाऊक नसेल. निफाड येथे ता. १८ जानेवारी १८४२ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या विद्वत्तेविषयी आम्ही येथे लिहीत नाही. एका लोकसंस्थेपायी त्यांनी जे सोसले तेवढेच सांगतो.

पुण्यास सन १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीने सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होणाऱ्याने निदान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम असे. (आमच्या मंडळ्यांच्या पंचांनी हा नियम ध्यानी घेण्याजोगा आहे.) पुढल्याच वर्षी रानडे तेथे सबजज्ज होऊन आले आणि सरकारी नोकर असताही सभेचे खरे मार्गदर्शक झाले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची हकीकत मिळवून सरकारास कळविली. दुष्काळी कामांवरील मजुरी कमी झाली, तेव्हा एवढ्यात मजुराचा जीव जगणार नाही, असे तिने अर्जांतून दाखविले. यात राजद्रोह कसला? पण अधिकाऱ्यांस तो दिसू लागला.

सभेस हात लावण्यापेक्षा तिच्या मार्गदर्शकास हलविणे सोपे होते. १८७८ च्या आरंभी रानड्यांची बदली नाशिकास झाली. परंतु त्याच वर्षी सभेचे त्रैमासिक निघाले व त्यातील पुष्कळ लेख त्यांच्याच लेखणीतून उतरू लागले; तेव्हा बदलीने काय साधले, कोण जाणे. १८७९ च्या मे महिन्यात, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत, पुण्याचा बुधवारवाडा जळाला आणि रानड्यांस धुळ्यास जाण्याचा हुकूम आला. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाची पत्रेही त्यांस येत; ती ते जशीच्या तशी पोलिसांकडे धाडीत. पुढे संशय फिटला, आणि १८९३ त त्याच सरकारने त्यांस हायकोर्टाचे न्यायाधीश नेमिले.

रानडे ख्रिस्ती नव्हते. पंचहौद मिशनात १८९० साली घेतलेल्या चहाबद्दल त्यांनी मागाहून प्रायश्चित्त घेतले, याचे आम्हांस वाईट वाटते. पण रयतेच्या कैवारात ते डळमळले नाहीत.

सभेचा कारभार १८९५ त टिळकपक्षाकडे गेला व रानड्यांनी पुढील वर्षी डेक्कन सभा काढिली. १८९७ च्या दुष्काळात सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. ता. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे मुंबईस निवर्तले. सभा मात्र पुण्यात अद्यापि आहे.