डॉक्टर एस्पेरांतो

त्सोंगा ही दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकमधली भाषा. यिद्दिश पूर्व युरोपातल्या ज्यूंची. जेवण झालं का, एवढं साधं वाक्य एकीतून दुसरीत न्यायचं तर कोश कोण करणार? १० भाषांच्या जोड्या होतात ४५. मध्ये एक सामायिक भाषा ठेवली, की १० कोशांत काम भागतं. आपल्यासाठी हे बारावीचं गणित. पण एका माणसाने त्यापायी सगळं आयुष्य घातलं. तो मला फार आवडतो, म्हणून हा लेख.

लुडविक झामेनहॉफचा जन्म १५ डिसेंबर १८५९ चा, बियालिस्तोकचा. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. गावात यिद्दिश, रशियन, पोलिश, जर्मन, बेलारूशी अशी खिचडी. प्रत्येक जमात दुसरीकडे संशयाने बघायची. लुडविक ज्यू, वडील भाषांचे शिक्षक. सगळ्यांना एक सोपी भाषा दिली तर भांडणं मिटतील, असं या पोराच्या डोक्यात बसलं.

१८७३ मध्ये कुटुंब वॉर्सात आलं. अडचण एकच होती: हजारो शब्द पाठ कोण करणार? एक दिवस रस्त्यात त्याला दोन रशियन पाट्या दिसल्या. एक दरवानाच्या खोलीची, दुसरी मिठाईच्या दुकानाची. दोन्हींचा शेवट ‘स्काया’. आपल्याकडे दूधवाला, भाजीवाला, तसंच. झालं, ट्यूब पेटली! मूळ शब्द थोडे ठेवायचे, बाकीचे प्रत्यय लावून बनवायचे. त्याच्या भाषेत ‘एयो’ म्हणजे जागा. म्हणून शिकायची जागा लेर्नेयो, जेवायची मांजेयो, झोपायची दोर्मेयो. (आमच्या काही लेक्चर्सना पहिला आणि तिसरा शब्द एकच चालेल.) ‘साना’ निरोगी, तर ‘मालसाना’ आजारी.

१८७८ मध्ये शाळासोबत्यांबरोबर त्याने भाषेचा वाढदिवससुद्धा साजरा केला. वडिलांना मात्र पोराच्या करिअरची काळजी. मेडिकलला मॉस्कोला जाताना वह्या त्यांनी ठेवून घेतल्या, पुढे जाळल्या असंही सांगतात. पठ्ठ्याने सगळं पुन्हा लिहून काढलं. त्याच सुमारास त्याने यिद्दिशचं व्याकरणही लिहिलं. शिकलेले लोक यिद्दिशला बिघडलेली बोली म्हणून नाक मुरडायचे, त्या काळात.

१८८७ मध्ये सासऱ्यांच्या पैशाने पुस्तिका निघाली. १६ नियम, सुमारे ९०० मूळ शब्द. लेखकाचं टोपणनाव डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा ठेवणारा. तेच भाषेचं नाव झालं. हक्क त्यांनी सोडून दिले आणि वॉर्सातल्या गरीब ज्यू वस्तीत डोळ्यांचा दवाखाना चालवला.

१९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्यला पहिलं संमेलन भरलं, सातशेच्या आसपास माणसं आली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये बियालिस्तोकमध्ये ज्यूंची कत्तल झाली. ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या संमेलनात झामेनहॉफ त्याबद्दल बोलले. मला इथे अडखळायला होतं. मारणाऱ्यांना समोरच्याची भाषा कळत नव्हती म्हणून का त्यांनी मारलं? मला नाही वाटत. त्यांना बोलायचंच नव्हतं. डॉक्टरांनाही हे कळलं असावं, कारण त्यानंतर ते भाषेइतकंच माणसामाणसांतल्या समतेवर लिहीत राहिले.

१४ एप्रिल १९१७ ला, महायुद्ध चालू असतानाच, ते गेले. पुढे नाझींनी त्यांच्या तिन्ही मुलांना मारलं. अ‍ॅडमला १९४० मध्ये गोळ्या घातल्या, झोफिया आणि लिडिया १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छावणीत गेल्या.

ते यिद्दिश व्याकरण पूर्ण छापून आलं १९८२ साली. तोपर्यंत बियालिस्तोकच्या बाजारात यिद्दिश बोलणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं.