स्वतःच्याच सिनेमाची तिकिटे विकणारा नायक! राजा गोसावी आजही का आठवतात?

तासगाव : तासगावहून विटा, मायणी, वडूज असा रस्ता धरला की खटाव तालुक्यातले सिद्धेश्वर कुरोली गाठता येते. मराठी सिनेमाला मनमुराद हसवणारा नायक याच गावाने दिला. त्यांचे नाव राजाराम शंकर गोसावी, म्हणजेच सर्वांचे राजा गोसावी.

सुरुवात कशी झाली?

२८ मार्च १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. सिनेमाच्या ओढीने त्यांनी घर सोडले आणि मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ऑफिसबॉय म्हणून काम मिळवले. पडद्यामागे पडेल ते काम करता करता ते या धंद्यातले बारकावे शिकले. १९४७ मध्ये मास्टर विनायक यांचे निधन झाले आणि तो आधार तुटला. पुढे दामुअण्णा मालवणकर यांच्या नाटक कंपनीत त्यांच्यातला विनोदी नट घडला.

तिकीट विक्रीचा किस्सा काय?

पोटासाठी ते पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात बुकिंग क्लार्क होते. १९५२ मध्ये राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' आला. ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे, अशा पेचात सापडलेल्या दोन कफल्लक मित्रांची ही कथा. पटकथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. त्या दोघांपैकी एक मित्र होते गोसावी. पडद्यावर लाखाची उधळण करणारा हा नायक खिडकीत बसून त्याच सिनेमाची तिकिटे फाडत होता. असा योग क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

त्यांचे वेगळेपण कशात होते?

ना पिळदार शरीर, ना राजबिंडे रूप. खिसा रिकामा, पण स्वभाव दिलदार. थापा मारून अडचणीत येणारा आणि तरीही आपला वाटणारा शेजारचा पोरगा ते उभा करत. शब्दांची फेक अचूक, चेहरा निरागस. विनोदी नट म्हणजे नायकाचा जोडीदार, ही समजूत त्यांनी मोडली आणि विनोदवीरालाच नायक केले. त्याच वेळी 'अवघाची संसार' (१९६०) या कौटुंबिक चित्रपटात जयश्री गडकर यांच्यासोबत त्यांनी गंभीर बाजूही दाखवली.

मग पडद्यावरून मागे का पडले?

१९५९ मध्ये 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्यात १३१ आठवडे चालला. त्यानंतर तमाशापटांची लाट आली. शहरी, मध्यमवर्गीय विनोदाला जागा कमी उरली. तिथे कुढत न बसता गोसावी रंगभूमीवर रमले. 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव असो वा 'एकच प्याला'मधला तळीराम, जुन्या भूमिकांतही त्यांनी प्रेक्षकांना हसवले.

आज त्यांचे महत्त्व काय?

२८ फेब्रुवारी १९९८ रोजी, वयाची ७३ वर्षे पूर्ण व्हायला महिना असताना त्यांचे निधन झाले. नायक होण्यासाठी देखणेपण लागत नाही, प्रेक्षकाला आपले वाटणे पुरते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे मराठीत विनोदी नायकांची जी रांग लागली, तिच्यासाठी वाट करून देणाऱ्यांत खटावच्या या तिकीटवाल्याचे नाव पुढे आहे.