लोखंडी नांगराचे कर्ते लक्ष्मणराव किर्लोस्कर

तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ज्यांनीं उन्हाळ्यांत पाहिली आहे, त्यांस तिच्या भेगा ठाऊक आहेतच. आमच्या खानदेशांत पूर्वी अशा भुईंत बाभळीच्या लांकडाचा नांगर चाले. हळस, रुमणें, जूं हें सारें गांवच्या सुतारानें घडवावें, लोहारानें फाळ बसवावा, आणि दोघांनीं बलुत्याचें धान्य खळ्यावरून न्यावें, अशी ती रीत होती. हा नांगर माती फाडी, परंतु उलथीत नसे; त्यामुळें हरळी व कुंदा यांच्या मुळ्या आंतच जीव धरून राहत. ही उणीव भरून काढणारा लोखंडी नांगर ज्यांनीं आपल्याकडे घडवून शेतकऱ्याच्या हातीं दिला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार होण्याच्या हेतूनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु कांहीं रंग आपणांस नीट ओळखतां येत नाहींत असें त्यांस आढळून आलें, आणि तो मार्ग खुंटला. ते यंत्रांचें रेखाटन शिकले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. पुढें नोकरी सोडून, बंधु रामूअण्णा यांच्यासह त्यांनीं बेळगांवीं सायकलींच्या दुकानाचा जम बसविला. तेथेंच कडबा कापण्याचीं लहान यंत्रें होऊं लागलीं, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडानें जमिनीस विष चढतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. या समजुतीस हंसणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. ज्याच्या घरचें वर्षाचें अन्न एकाच पिकावर अवलंबून आहे, त्यानें नवीन अवजार सावधपणें पारखावें, यांत मूर्खपणा कसला? लक्ष्मणरावांनींही त्यांस दोष देण्यांत वेळ दवडला नाहीं. ते धीर धरून राहिले, आणि हळूहळू शेतकऱ्याचा विश्वास बसला.

इतक्यांत बेळगांवची कारखान्याची जागा सोडण्याचा प्रसंग आला. त्या वेळीं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं आपल्या संस्थानांत जमीन दिली, शिवाय दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळ सुमारें बत्तीस एकरांच्या माळावर पंचवीस कामगार व त्यांचीं बिऱ्हाडें येऊन उतरलीं. सर्वत्र निवडुंग माजलेला, त्यांत नागांचा सुळसुळाट! तो तोडून घरें व कारखाना उभा राहिला. वाडींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनीं रखवालीचें काम दिलें. ज्यांस कोणी दारांत उभें करीत नव्हतें, त्यांच्या स्वाधीन सारी वाडी रात्रभर असे. नांगराच्या शोधापेक्षां हें धाडस आम्हांस लहान वाटत नाहीं.

१९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें व लोखंड मिळेनासें झालें. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतण्यांत आले. पुढें उसाचे चरक, भुईमूग फोडण्याचीं यंत्रें व पाण्याचे पंपही वाडींत होऊं लागले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ सालीं, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. कुंडल रोड स्टेशनाचें नांवही पुढें बदलून किर्लोस्करवाडी झालें.